हलगी सोडली, आवाज सोडू नका

वाद्याचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "ते वाजवणे आम्ही टाकले, आता पुन्हा त्याचे नाव काढू नका." तरुण मंडळी म्हणतात, "जयंतीला डीजे नसेल तर ती मिरवणूक कसली?" दोघांच्याही म्हणण्याला कारण आहे. पण ह्या दोन तटांच्या मधून एक तिसरी वाट जाते आणि ती आपल्या मुलांच्या अभ्यासाची वाट आहे, असे आम्हांला वाटते. मुलांनी आपल्या अवतीभोवतीचे आवाज स्वतः रेकॉर्ड करावेत आणि त्यांतून संगणकावर स्वतःचे वाद्य तयार करावे, अशी ती वाट. आजचे सदर ह्याच विषयावर आहे.

आधी वडीलधाऱ्यांचे म्हणणे समजून घेऊ. गावकीच्या कामांत दवंडी होती, मेलेले जनावर ओढणे होते, सरपण फोडणे होते आणि गावोगावच्या रिवाजाप्रमाणे सणावाराला, लग्नाला, मिरवणुकीपुढे वाजवणेही होते. वाजवणाऱ्याला कोणी कलावंत म्हणत नसे. त्याला बोलावणे नसे, हुकूम असे. मोबदला म्हणून हक्काची मजुरी नसे, पदरात पडेल ते उष्टेपाष्टे असे. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या काळात ज्या आजोबांनी हलगी खुंटीवरून उतरवून बाजूला ठेवली, त्यांनी एक वाद्य सोडले नाही, एक गुलामी सोडली. हे आपण विसरू नये आणि मुलांनाही विसरू देऊ नये.

पण त्यांनी सोडली ती सक्ती. संगीत त्यांनी सोडले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांचे जलसे गावोगाव फिरले, ते ढोलकी आणि तुणतुण्याच्या साथीनेच. वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) उभे आयुष्य गाण्यात घातले. खुद्द बाबासाहेबांनी, एवढा कामाचा डोंगर डोक्यावर असताना, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्या माणसाच्या पुस्तकांची संख्या मोजता मोजता आपण दमतो, त्याला सुरांसाठी वेळ काढावासा वाटला. तेव्हा वाद्य हातात धरणे म्हणजे मागे जाणे, असे कोणी समजू नये. कोणाच्या हुकमाने धरले आणि कोणाच्या इच्छेने धरले, एवढाच प्रश्न आहे.

आता तरुणांकडे वळू. डीजे, बेंजो, ऑर्केस्ट्रा ह्या सगळ्यांत आज जो ढोलकीचा, हलगीचा, संबळाचा आवाज घुमतो, तो बहुतेक वेळा एका पेटीतून येतो. १९८५ साली जपानच्या रोलँड कंपनीने ऑक्टोपॅड काढला. आठ रबरी चौकोन, त्यांवर काठ्या मारायच्या. त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाज नव्हताच, तो तारेने दुसऱ्या यंत्राला जोडावा लागे. पुढच्या यंत्रांत आवाज आतच भरून येऊ लागले आणि नंतर आपल्याला हवा तो आवाज भरण्याची सोयही आली. आपल्या भीमगीतांच्या पार्ट्यांतही ऑक्टोपॅड आला. आता विचार करा. चौकोनावर काठी पडते आणि हलगी वाजते. ती हलगी कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी माणसाने वाजवली असणार. तो कोण? त्याचे नाव पेटीवर आहे काय? त्याला काही मिळाले काय? आपल्या वाडवडिलांच्या हातची कला डबीत भरून आली आणि आपणच ती पैसे मोजून विकत घेतो. आमच्या मनाला लागलेली गोष्ट ही आहे.

असा आवाज पेटीत भरतात तरी कसा? ह्याला इंग्रजीत सॅम्पल म्हणतात, म्हणजे नमुना. आपल्या मायबहिणी शितावरून भाताची परीक्षा करतात, तसाच हा प्रकार. आवाज म्हणजे हवेची थरथर. संगणक त्या थरथरीचे माप एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतो आणि प्रत्येक माप आकड्यात लिहून ठेवतो. एक माप लिहायला दोन बाइट लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला ८८,२०० बाइट. दहा सेकंदांचा आवाज एक एमबीपेक्षाही कमी जागेत मावतो. मोबाइलवरच्या एका फोटोला पुष्कळदा ह्याहून जास्त जागा लागते. हे आकडे पुन्हा त्याच गतीने वाचले की मूळचा आवाज ऐकू येतो. दुप्पट गतीने वाचले की तोच आवाज अर्ध्या वेळात संपतो आणि बरोबर एक सप्तक वर चढतो. एका घागरीच्या एका ठोक्यातून सगळे सप्तक निघू शकते, ते ह्याच युक्तीने.

ही युक्ती श्रीमंतांच्या स्टुडिओत जन्मली हे खरे, पण तिला मोठे केले ते गरिबांनी. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर नावाच्या माणसाने रेल्वेगाड्यांचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचीच संगीतरचना केली. १९६३ साली इंग्लंडात मेलोट्रॉन निघाला, त्यात पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा बसवलेला असे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचे संगणकी वाद्य आले, ते तर मोठ्या कलावंतांनाच परवडे. पण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जिथे कामकरी काळ्या आणि लॅटिन कुटुंबांची वस्ती होती, तिथे ११ ऑगस्ट १९७३ ला डीजे कूल हर्क ह्या तरुणाने बहिणीच्या कार्यक्रमात दोन तबकड्यांवर गाण्यातला तालाचाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला. हिप-हॉपची सुरुवात तिथून मानतात. वाद्य विकत घ्यायला पैसे नाहीत, संगीत शाळेत जायला सोय नाही, म्हणून जुनी तबकडी हेच वाद्य केले. पुढे १९८८ साली अकाई कंपनीचे एमपीसी यंत्र आले, त्यात आवाजाचे तुकडे भरून बोटांनी वाजवता येऊ लागले आणि त्या पोरांनी त्याचे सोने केले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. नाव घेतले तसा हा गुणही घ्यायला हरकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही ह्याच्या जवळचे उदाहरण आहे. धारावीत ॲकॉर्न फाउंडेशनने कचरावेचक कुटुंबांतल्या मुलांचा 'धारावी रॉक्स' हा वाद्यवृंद उभा केला. टाकून दिलेले प्लॅस्टिकचे पिंप, डबे, बाटल्या हीच त्यांची वाद्ये. जगाने फेकलेल्या वस्तूतून ही मुले ताल काढतात. त्या पिंपाचा एक ठोका रेकॉर्ड करून संगणकात ठेवला की आमच्या विषयाचा धडा सुरू झालाच.

आता आमच्या जळकोटला येऊ. लातूर जिल्ह्यातले नव्हे, धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग आणि उमरगा ह्यांच्या मधले. अशा गावात आवाजांना तोटा नाही. महामार्गावरच्या ट्रकचे भोंगे आहेत, एस.टी.च्या दाराचा दणका आहे, सोयाबीनच्या मळणी यंत्राची घरघर आहे, हातपंपाची करकर आहे, शाळेची घंटा आहे. आणि घराघरांत, भल्या पहाटे, परातीत ज्वारीची भाकरी थापण्याचा आवाज आहे. ह्या आवाजापेक्षा चांगला ताल आम्हांला तरी माहीत नाही. शाळेत किंवा विहारात एक चालू संगणक आणि एक साधा मोबाइल असला की रविवारचा वर्ग भरू शकतो. तो कसा भरवावा ते क्रमाने सांगतो.

पहिल्या रविवारी मुलांनी फक्त ऐकावे आणि वहीत यादी करावी. कोणता आवाज क्षणात संपतो, कोणता रेंगाळतो, कोणत्या आवाजाला सूर आहे आणि कोणत्याला नाही. भाकरीचा आणि पत्र्याचा आवाज तालाच्या कामाचा. पितळी तांब्या, थाळी, घागर, तुणतुण्याची तार ह्यांना सूर आहे, ते सुरावटीच्या कामाचे.

दुसऱ्या रविवारी रेकॉर्डिंग. वेळ पहाटेची घ्यावी, कारण दिवसा महामार्ग कोणाला बोलू देत नाही. पंखा बंद करावा. खोलीत घुमारा येत असेल तर दोरीवर एखादी वाकळ टाकून तिच्या आडोशाला बसावे, आवाज कोरडा आणि स्वच्छ येतो. मोबाइल वस्तूपासून हातभर अंतरावर धरावा. फार जवळ धरला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. सोय असेल तर वेव्ह प्रकारात नोंद ठेवावी. एकेक ठोका हळू, मध्यम आणि जोरात असा तीन वेळा घ्यावा, कारण जोराच्या ठोक्याचा आवाज नुसता मोठा नसतो, वेगळाही असतो. हलगी असेल तर मधला ठोका वेगळा, काठावरचा वेगळा, जाड काडीचा वेगळा, बारीक काडीचा वेगळा. हलगी शेकून ताणल्याआधी आणि ताणल्यानंतर दोन्ही वेळा आवाज घ्यावा. त्यात विज्ञानाचा एक पूर्ण तास निघेल.

तिसऱ्या रविवारी काटछाट. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळते आणि एकदा संगणकात उतरवले की इंटरनेट लागत नाही. त्यात आवाजाची लाट डोळ्यांनी दिसते. ठोक्याच्या आधीची शांतता कापून टाकावी, नाहीतर कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. कापताना लाट जिथे मधली रेघ ओलांडते तिथेच कापावे, नाहीतर 'टक्' असा खटका येतो. शेवट हळूहळू मावळता करावा. प्रत्येक तुकड्याला मराठीत नाव द्यावे: भाकरी-१, भाकरी-२, घागर-हळू, घागर-जोर.

चौथ्या रविवारी वाद्य. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने मुलांसाठी स्क्रॅच नावाचे सॉफ्टवेअर काढले. तेही फुकट आहे. त्यात ठोकळे जोडून कार्यक्रम बनवतात. घागरीचा आवाज त्यात घालावा आणि एकेका कळीला एकेक पात्र नेमून स्वराचा आकडा द्यावा. स्क्रॅचमध्ये १० ची वाढ म्हणजे अर्धा स्वर. तेव्हा सा ला ०, रे ला २०, ग ला ४०, म ला ५०, प ला ७०, ध ला ९०, नी ला ११० आणि वरच्या सा ला १२०. आठ कळा, आठ स्वर. झाली घागरीची पेटी तयार!

इथे गणिताच्या गुरुजींनी पुढे यावे. सप्तकात बारा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला गती सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. बारा सक ७२, मग गती दुप्पट कशी होते, असे एखादे हुशार पोर विचारील. त्याला सांगावे की हे सावकाराचे चक्रवाढ व्याज आहे. दर पायरीला वाढलेल्या रकमेवर वाढ. ज्या व्याजाने आपल्या आजोबांची जमीन गेली, तेच गणित इथे सूर लावते. हा धडा पोर जन्मात विसरणार नाही.

मूळ आवाज फार ताणला की तो खोटा वाटू लागतो. माणसाचा गळा वर चढवला तर चिमणीसारखा चिवचिवतो. म्हणून जाणकार लोक दर तीन पायऱ्यांना एक नवे रेकॉर्डिंग घेतात, म्हणजे एका सप्तकाला चार. घागरीत पाणी कमीजास्त करून असे चार आवाज मुलांना घरच्या घरी मिळतील.

आता दोन शंका. पहिली वडीलधाऱ्यांची: "संबळ तुळजापूरच्या गोंधळातले, हलगी गावकीतली, हे आवाज विहारात कशाला?" आमचे उत्तर असे की कातड्याला, लाकडाला, तारेला धर्म नसतो. मुले तिथे पूजा करीत नाहीत, आवाजाचा अभ्यास करतात. पण एक नियम कडक पाळावा. वाजवण्याचे काम कोणाच्याही जातीवरून वाटून देऊ नये. वर्गात कोणत्याही समाजाची मुले असोत, हलगी प्रत्येकाने वाजवावी, संगणक प्रत्येकाने हाताळावा, मुलींनी तर आधी. "पोरी गाणे म्हणतील आणि पोरे मशीन चालवतील" ही वाटणी आमच्या वर्गात चालायची नाही.

दुसरी शंका वाजवणाऱ्यांची, आणि ती अधिक खरी आहे. गावातले म्हातारे हलगीवाले काका म्हणतील, "पोरांनो, माझा आवाज पेटीत भरला तर उद्या मला कोण बोलावील?" ह्या प्रश्नाला हसून टाळू नये. पेटीने त्यांचे काम आधीच खाल्ले आहे आणि तेही त्यांना न विचारता. आपण निदान विचारून करू. कायदा त्यांच्या बाजूला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपले नाव लागण्याचा हक्कही आला. म्हणून काकांपुढे मोबाइल धरण्याआधी परवानगी घ्यावी, ती कागदावर लिहावी, त्यांना वाचून दाखवावी, मानधन द्यावे आणि त्या आवाजाच्या नावातच त्यांचे नाव घालावे. उद्या त्यातून कोणाला पैसा मिळाला तर त्यांचा वाटा किती, तेही आधीच ठरवावे. आणि जयंतीच्या व्यासपीठावर पेटीऐवजी काकांनाच मानाने बोलवावे. पेटी सरावाला, माणूस कार्यक्रमाला, एवढे पथ्य ठेवले तर काकांचे पोट मारले जाणार नाही. हेच दुसऱ्यांच्या गाण्यांबाबत. सिनेमाच्या गाण्याचा तुकडा उचलून आपल्या वाद्यात घालायचा नाही. आपल्या गावात आवाजांची कमी नाही, उसनवारी कशाला?

पालकांच्या मनात तिसराही प्रश्न असेल: "ह्याने पोराला नोकरी लागेल काय?" आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. चार रविवारांत कोणी साउंड रेकॉर्डिस्ट होत नाही. पण संगणकावर काम करणे, मापे घेणे, गणित हाताने करून पाहणे, कागदावर करार लिहिणे आणि म्हाताऱ्या माणसाशी आदराने बोलणे, एवढ्या गोष्टी ते पोर नक्की शिकेल. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांत 'शिका' हा शब्द पहिला आहे. तयार वस्तू वापरायला शिकणे हे अर्धे शिकणे. ती वस्तू आतून कशी होते आणि आपण ती कशी करू, हे कळले म्हणजे शिकणे पुरे झाले.

आमची समाजबांधवांना विनंती एवढीच की येत्या जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा डीजेच्या भाड्यातून काढून विहाराच्या संगणकासाठी ठेवावा. माताभगिनींना विनंती अशी की पोरगी पहाटे मोबाइल घेऊन चुलीपाशी आली आणि "आई, भाकरी थाप, पण बोलू नकोस" म्हणाली, तर तिच्यावर रागावू नये. तुमच्या हाताचा ताल ती जपून ठेवते आहे. त्या तुकड्याला तिने तुमचे नाव दिले आहे की नाही, तेवढे मात्र विचारून घ्यावे.

जय भीम!